बसल्याशिवाय घोट नाही

तुमच्या घरात अंथरुणाला खिळलेल्या माणसाला आज सकाळी पाणी कुणी पाजलं, आणि पाजताना त्याची मान किती वर होती?

चटकन उत्तर येत नसेल तर तुम्ही वाईट नाही. मलाही आलं नव्हतं. रामदासपेठेतल्या एका दवाखान्यात एका तरुण मुलीनं मला हाच प्रश्न विचारला तेव्हा मी म्हणाले, "बाबा उशीला टेकून होते." ती म्हणाली, "म्हणजे झोपून होते."

संत्र्यांचे दिवस पुन्हा आले आहेत. पाचपावलीत आमच्या गल्लीच्या तोंडाशी सकाळीच हातगाडी लागते. गाडीवाला एक संत्रं सोलून समोर धरतो. साल दुमडताना उडणारा बारीक फवारा डोळ्यांत जातो आणि डोळे चुरचुरतात. तेवढंच होतं. आई म्हणते, "घेत जाय वं दोन-चार, घरात फळ नाही." मी घेते आणि टोपलीत ठेवते. ती तिथे वाळतात, मग मी ती टाकून देते.

मागच्या वर्षी हे दिवस आले तेव्हा बाबांची उजवी बाजू गेलेली होती. दसऱ्याच्या आधी मेंदूत रक्ताची गुठळी अडकली. हात गेला, पाय गेला, अर्धा चेहरा खाली ओघळला आणि बोलणं गेलं. शिल्लक राहिला एकच शब्द. दुखतं का? "हो." भूक लागली का? "हो." नाही ना लागली? "हो." बाबा उमरेडकडच्या विणकरांच्या घरातले. हातमाग बंद पडल्यावर बुटीबोरीच्या कापड कारखान्यात लागले आणि तिथे तीस वर्षं 'नाही' म्हणत राहिले. जादा पाळीला नाही, बिनपंख्याच्या खात्याला नाही, मालकाच्या चहाला नाही. घरात युनियनच्या पत्रकांचे गठ्ठे असायचे. मी अक्षरं त्यांवर शिकले आणि बेरजा त्यांच्या मागच्या कोऱ्या बाजूला केल्या. अशा माणसाच्या तोंडात मेंदूनं नेमका 'हो' ठेवला. हे लिहिताना मला काहीतरी वाटायला हवं. मी थांबून पाहिलं. वाटत नाही. पुढे लिहिते.

पहिल्यांदा दवाखान्यातून सोडलं तेव्हा एका कागदावर औषधांची यादी दिली. सकाळची, दुपारची, रात्रीची, जेवणाआधीची, जेवणानंतरची. जेवण कसं द्यायचं ते मात्र नव्हतं. लकवा पायाला होतो, हाताला होतो, हे आम्हाला दिसत होतं. तो घशालाही होतो हे कुणी सांगितलं नाही. कुणी म्हणजे एकानंही नाही, आणि त्या इमारतीचे मजले सहा होते.

आईनं तिला येत होतं ते केलं. डोक्याखाली दोन उश्या, छातीवर टॉवेल, आणि वाटीतून वरणाचं पाणी. बाबा गिळत. ठसका लागत नसे. आम्ही एकमेकींकडे पाहून म्हणायचो, बरं झालं, गिळता तरी येतं.

पंधरा दिवसांत ते जास्त झोपायला लागले. आईला वाटलं, आराम पडून राहिला, बरं वाटू लागलंय. ताप नव्हता. फक्त श्वास लहान लहान झाला होता, दम लागलेल्या कुत्र्यासारखा. ही उपमा मला त्या दिवशी सुचली आणि मी ती कुणाला सांगितली नाही. दवाखान्यात छातीचा फोटो काढला. उजव्या फुप्फुसाचा खालचा भाग पांढरा होता. न्यूमोनिया.

तिथे ती मुलगी भेटली. बोलणं आणि गिळणं शिकवणं हे तिचं काम. तिनं बाबांना सरळ बसवलं, पाठीमागे उश्या दाबल्या आणि एक छोटा चमचा पाणी दिलं. बाबांनी गिळलं. ठसका नाही. आई हसली.

"आता त्यांना 'हो' म्हणायला सांगा," ती म्हणाली.

बाबा म्हणाले, "हो." आवाज ओला होता. गळ्यात पाणी खळखळत असल्यासारखा.

"ऐकलंत? पाणी चुकीच्या वाटेला गेलंय. ठसका नाही लागला म्हणून तुम्हाला बरं वाटतं. पण लागायला हवा होता. त्यांच्या घशाला कळतच नाही काय कुठे चाललंय ते."

मग तिनं एकेक करून दाखवलं. खाताना पिताना पूर्ण बसवायचं आणि नंतर अर्धा तास बसलेलंच ठेवायचं. पाणी, चहा, रस असलं पातळ काही द्यायचं नाही. पूड घालून दाट करायचं, चमच्यावरून सावकाश ओघळेल इतकं. तोंडात एका वेळी एकच छोटा चमचा. तो गिळल्याशिवाय दुसरा नाही. दिवसातून तीनदा तोंड स्वच्छ करायचं, दात, जीभ, गाल, सगळं. "प्रत्येकाचं वेगळं असतं," ती म्हणाली, "हे तुमच्या बाबांचं. दुसऱ्या कुणाला तपासल्याशिवाय हेच सांगू नका." आणि तोंडाबद्दल ती जे बोलली ते मला नवं होतं. छातीत जाणारे जंतू आभाळातून पडत नाहीत, बहुतेकदा ते तोंडातच वाढतात आणि थुंकीबरोबर खाली उतरतात. न घासलेलं तोंड घेऊन माणूस दिवसभर आडवा असेल तर औषधं किती दिवस पुरतील?

मी सगळं लिहून घेतलं. घरी आल्यावर एका जुन्या पत्रकाच्या मागे जाड पेनानं लिहिलं: बसल्याशिवाय घोट नाही. खोकला असेल तर दारातूनच. हात धुवा. ते पलंगाच्या वर भिंतीला चिकटवलं.

आमच्या घराच्या दाराला दिवसा कडी नसते. तो बाबांचा नियम होता. कोण येईल, कधी येईल, काय मागेल, त्याला दार उघडं. आलेल्याला पाणी द्यायचं आणि आलेल्यानं दिलेलं पाणी प्यायचं. दुसऱ्या अर्ध्या नियमाला पहिल्यापेक्षा जास्त वजन होतं, आणि ते दादाराव काकांमुळे होतं.

दादाराव काका बाबांसोबत एकाच खात्यात होते. त्या कारखान्यात दोन माठ असत. कुठला कुणाचा अशी पाटी कधी नव्हती, पण नव्या कामगाराला दुसऱ्या दिवशीपर्यंत कळलेलं असे. बाबा लागले त्या आठवड्यात, जेवणाच्या सुट्टीत, सगळ्यांसमोर ते दुसऱ्या माठापाशी गेले आणि दादाराव काकांना म्हणाले, "पाज गा." काकांनी स्वतःच्या पेल्यातून पाजलं. बाबांचा डबा पुढचे दोन महिने कुणी शेअर केला नाही. ही गोष्ट मी इतक्यांदा ऐकली होती की तो पेला मला पितळी आठवतो. तो स्टीलचा होता, असं काका म्हणतात.

निवृत्तीनंतर काका काटोलला गावी गेले. तिथे त्यांची पंधरा-वीस संत्र्यांची झाडं आहेत. बाबा दुसऱ्यांदा घरी आल्याचं कळलं तसे ते पहिल्या एसटीनं आले. पिशवीत संत्री. अजून दव वाळलेलं नव्हतं.

"काय गा, पडून राहिला का? लोकं उठवाचं काम तुहं, अन् आता तूच पडला?"

बाबांच्या चेहऱ्याची डावी बाजू हसली. "हो."

काकांनी संत्री सोलली. आमच्याकडे आजाऱ्याला भेटायला जाणारा माणूस नुसता बसून येत नाही. स्वतःच्या हातानं एक घोट तरी पाजतो. न पाजता उठलं तर आलोच नाही असं वाटतं. काकांनी फोडी हातानं पिळून पेल्यात रस काढला, बिया बोटानं काढल्या. बाबांना नुकतंच कुशीवर वळवलेलं होतं. डोकं एका उशीवर.

"पाजू का गा?"

"हो," बाबा म्हणाले. ते दुसरं काय म्हणणार होते?

पलंगाच्या वर माझं अक्षर होतं. काकांनी चष्मा आणला नव्हता. दाट करण्याच्या पुडीचा डबा माझ्या हातात होता, उघडा, आत चमचा. आईनं माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीकडे पाहिलं. या माणसाला, या घरात, बाबांच्या ओठांपाशी गेलेला त्याचा पेला मी थांबवायचा? 'नको, तुमच्या हातचं नको' हे वाक्य माझ्या मनात तयार झालं आणि मी त्याच्याकडे बघतच राहिले. शब्द दुसरेही होते. मला तेवढेच दिसले.

बाबांनी दोन घोट घेतले. तिसरा ओठाच्या कोपऱ्यातून गळ्याकडे गेला. काकांनी तो आपल्या शेल्यानं पुसला. बाबांचे डोळे मिटलेले होते. चव लागली असावी. ती चव त्यांना आनंदाची वाटली असेल, हे मी नाकारणार नाही.

तिसऱ्या दिवशी श्वास लहान झाला.

या वेळी दवाखान्यात आठ दिवस. नाकातून नळी, तोंडावर ऑक्सिजनचा मास्क. डॉक्टर म्हणाले, एका रसानंच झालं असं छातीठोक सांगता येत नाही, थुंकीनंही होतं. मग म्हणाले, "या वेळी निघाले. फुप्फुसात आता फार ताकद राहिली नाही. तिसऱ्यांदा झालं तर निघतीलच असं मी म्हणणार नाही." मी मान हलवली. पूर्वी मी अशा वेळी भांडले असते. पहिल्यांदा घरी सोडताना हे का सांगितलं नाही, असं विचारलं असतं, नाव विचारलं असतं, लेखी मागितलं असतं. त्या दिवशी मी फक्त त्यांच्या खिशातल्या पेनाची टोपी पाहत होते. ती चावलेली होती.

काका दवाखान्यात आले. पुन्हा पिशवी घेऊन. मी त्यांना बाहेरच्या बाकावर बसवलं.

"काका, तो रस बाबांच्या छातीत गेला असणार."

"कोनता रस?"

"त्या दिवशीचा. तुम्ही पाजलेला. त्यांना झोपून काही देत नाहीत. पातळ तर मुळीच नाही."

पिशवी मांडीवर होती, ती त्यांनी खाली ठेवली.

"तुले माहीत होतं?"

"हो."

"त्याच टायमाले?"

"हो."

"मंग बोलली काहून नाही?"

"तुम्हाला वाईट वाटलं असतं. तुमच्या हातचं नको म्हणायचं म्हणजे... आमच्या घरात..."

काका उठून उभे राहिले. आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं.

"म्हंजे तू मले अजून त्या माठापाशीच उभा ठेवला होता काय वं? तुह्या बापानं माह्या हातचं पाणी पेलं ते मले माणूस समजून. माणसाले चुकला त चुकला म्हनता येते. तुह्या मामानं असा पेला धरला असता त काय म्हटलं असतं?"

"मामाला? मी ओरडले असते. ठेव तो पेला म्हणाले असते."

"मंग मले म्हन."

"आत्ता?"

"आत्ता म्हन. इथंच."

शेजारच्या बाकावरची बाई आमच्याकडे पाहत होती. मी म्हणाले, "काका, ठेवा तो पेला."

"असं नाही. मामाले म्हनते तसं."

"काका, ठेवा म्हटलं ना तो पेला!"

"हं." ते पुन्हा बसले. डोळे पुसले नाहीत, ते तसेच वाहू दिले. "आता दाखव कसं करा लागते ते. पाणी पाजता नाही येत त नाही येत. दुसरं काय करता येते?"

मी म्हणाले, "तोंड स्वच्छ करता येतं."

त्यानंतरच्या महिन्यांतलं मला जे आठवतं ते असं तुकड्यातुकड्यांत आहे. काका एक दिवस आड येत. आल्यावर आधी मोरीत जाऊन कोपरापर्यंत हात धुवत, साबणाचा फेस होईपर्यंत. मग बाबांना बसवत, मऊ ब्रश, ओल्या कापडाची पट्टी, वाटीत थोडं पाणी. बाबांचा उजवा गाल बधिर होता. जेवणातला भात तिथे साठून राहायचा आणि त्यांना पत्ताच नसायचा. काका बोटाला कापड गुंडाळून तो काढत आणि दाखवत.

"हे पाहा. साठा करून ठेवला यानं. काय गा, लंबा संप कराचा इरादा हाये काय?"

बाबांना हसू येई आणि तोंड उघडं राही. तेवढ्यात काका जीभही घासून घेत.

दोन-दोन तासांनी कूस बदलणं हे माझ्याकडे आणि आईकडे. सकाळी पोट रिकामं असताना पाठ थोपटायची, तळहात ओंजळीसारखा करून, खालून वर. हे काकांना आमच्यापेक्षा चांगलं जमे. त्यांच्या हाताला ठेका होता. आई म्हणे, "दादारावभाऊ, मागाचाच आवाज येऊन राहिला." मग पोटाखाली हात दाबून खोकायला मदत. बाबा खोकायचे, कफ यायचा, आम्ही तिघंही त्या कापडात डोकं घालून रंग पाहायचो. पांढरा असला की दिवस बरा. तापाची वाट न पाहता श्वास मोजायचा. ओला आवाज आला की घास थांबवायचा. फ्लूची आणि न्यूमोनियाची लस बाबांना दिली आणि फ्लूची आम्हालाही. सुई पाहून काकांनी तोंड फिरवलं. कारखान्यात लाठी खाल्लेला माणूस.

डिसेंबरात बुटीबोरीहून बाबांचे जुने सोबती पहिली पाळी संपवून आले. दोघांना खोकला होता. मी सगळ्यांना दारातच थांबवलं. माझ्या आयुष्यात मी त्या दारात कुणाला थांबवलं नव्हतं. त्यांनी वाद घातला नाही. गल्लीत जाऊन खिडकीसमोर उभे राहिले आणि ओरडले, "भाऊ, जिंदाबाद!"

आतून बाबा म्हणाले, "हो!"

पुन्हा ओरडले. पुन्हा "हो!" समोरच्या गच्चीवरची बाई कपडे वाळत घालायची थांबली. हे किती वेळ चाललं सांगता येत नाही. त्यानंतर बाबा दमून झोपले. मी त्यांचा श्वास मोजला. ठीक होता.

हिवाळा गेला. मृग बहराची संत्री आली आणि संपली. खिडकीत कूलर बसवला, त्याचं पाणी रोज बदललं. तिसरा न्यूमोनिया आला नाही. मी रोज त्याची वाट पाहत होते, ज्यानं येतो म्हणून सांगितलंय अशा माणसाची पाहावी तशी.

वैशाखात, दुपारी जेवणाआधी, बाबांच्या मेंदूत दुसरी गुठळी अडकली. यावेळी सगळं एकदम थांबलं. गल्लीतले डॉक्टर आले. त्यांनी नाडी पाहिली, डोळे पाहिले. सवयीनं, किंवा आमच्या समाधानासाठी, आठ महिन्यांचे कागद चाळले. शेवटचा छातीचा फोटो बारा दिवसांपूर्वीचा होता. तो उजेडाला धरून ते म्हणाले, "छाती साफ होती."

या तीन शब्दांसाठी आम्ही सहा महिने झटलो होतो. ते मला अशा वेळी मिळाले. मी म्हणाले, "थँक्यू." डॉक्टर चमकले. मग मी कूलर बंद केला, कारण आवाज फार होत होता.

लोक भेटायला आले. एक नातलग म्हणाले, "एवढं केलं पोरी, पण शेवटी काय?" मी तेव्हा गप्प बसले. आता उत्तर देते. शेवटी हे, की बाबा स्वतःच्या थुंकीत बुडून गेले नाहीत. सहा महिने त्यांच्या नाकात नळी नव्हती. ते बसून जेवले, दाट केलेला चहा नाक मुरडत प्यायले, खिडकीतून आलेल्या घोषणेला उत्तर देऊ शकले. ज्या माणसाला चालता येत नाही, बोलता येत नाही, त्याचा श्वास तेवढा त्याचा असतो. तो राखणं हे नशीब नाही आणि चमत्कारही नाही. तो साबण आहे, ब्रश आहे, उशी आहे, घड्याळ आहे. एवढ्या स्वस्त गोष्टी सांगायला ज्यांना सहा मजल्यांत सवड झाली नाही त्यांच्यावर मी रागावलेली आहे. राग आहे हे मला माहीत आहे. तो जाणवत नाही, बाबांच्या उजव्या गालात राहिलेल्या भातासारखा.

दादाराव काका आता काटोलात एका शाळेतल्या बाईंच्या घरी जातात. त्यांना वर्षभरापासून लकवा आहे. मुलगी एकटी करते. काकांची आणि त्यांची आधी ओळखही नव्हती. पहिल्या दिवशी ते रिकाम्या हातांनी गेले आणि त्या मुलीला म्हणाले, "मी काही पाजाले नाही आलो. तू कशी बसवते ते मले दाखव. मंग जाऊन झोप घंटाभर." ती झोपली, म्हणे, चार तास.

तुमच्या ओळखीत असं एक घर आहे. आठवा, आहे. या आठवड्यात तिथे जा. खोकला-सर्दी असेल तर बरी होईपर्यंत थांबा. काही खायला-प्यायला नेऊ नका. गेल्यावर हात धुवा, आणि घरच्यांना विचारा: गिळण्याची तपासणी झाली का? झाली नसेल तर त्यांच्यासोबत दवाखान्यात जायचा दिवस तिथेच ठरवा. झाली असेल तर त्यांच्याकडून बसवायला शिका, तोंड कसं स्वच्छ करायचं ते शिका, आणि ते एकदा, सावकाश, स्वतः करा. ते काम चालू असेपर्यंत त्या घरातल्या माणसाला म्हणा, तुम्ही पडा थोडं, मी आहे.